कंट्रोलर ऑफ झाले

आमच्या गल्लीत पहिल्यांदा दळण घेऊन येणारी बाई हमखास दचकायची. डोक्यावरचा डबा खाली टेकवते न टेकवते तोच वरून आवाज यायचा, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! मुकुंदवाडीहून आलेला ज्वारीचा डबा फलाट क्रमांक एकवर लागलेला आहे. गहू असलेल्या प्रवाशांनी मधे घुसू नये!" बाई वर बघायची. गॅलरीत एक उंच, वाळका म्हातारा उभा असायचा. पांढरा सदरा, खिशाला पेन, हात पाठीमागं बांधलेले. चेहऱ्यावर हसू नाही.

"मावशी, हे कोण?" बाई विचारायची.

"कंट्रोलर. घरमालक आहेत माझे. तू डबा ठेव अन् नाव सांग."

हडको वसाहतीतलं ते घर त्यांचं. खालच्या खोलीत माझी गिरणी, वर ते. त्यांचा सगळा जन्म बसस्टॅण्डवर गेला. चौकशीच्या खिडकीमागं बसायचं आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नव्हतं. बायकोसुद्धा चार माणसांत "आमचे कंट्रोलर" असंच म्हणायची. रिटायर झाले तेव्हा माइक तिथंच राहिला, पुकारणं घरी आलं. बायको आतून ओरडायची, "अहो, ताट वाढलंय, या!" हे गॅलरीतून सांगायचे, "जेवणाची गाडी थोड्या उशिरानं सुटेल." मग ती माउली बाहेर येऊन त्यांच्या सदऱ्याची बाही धरून आत न्यायची.

स्वभाव गोड होता असं मी सांगणार नाही. जिन्यावर कुणी चप्पल काढली की भांडण. नळाला पाणी आलं आणि कुणी मोटर लावली की भांडण. माझ्या गिरणीचा पट्टा करकरला की भांडण. मीही काही कमी नाही. "तुमच्या घशाला तेल घाला, मग माझ्या पट्ट्याला घालते," असं मी त्यांना कितीदा म्हटलं असेल. ते म्हणायचे, "बाई, तुमच्या गिरणीनं माझी घोषणा खराब होते." मी म्हणायचे, "घोषणेनं कुणाचं पोट भरलंय?" मग ते तणतणत वर जायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जिन्यात उभे. भांडायला का होईना, माणूस लागायचा त्यांना.

गाड्या पुकारण्याचं त्यांचं शास्त्र मात्र पक्कं होतं. मधली गावं गाळायची नाहीत. जळगावची गाडी म्हणून चालायचं नाही. फुलंब्री, आळंद, सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा, सगळी नावं यायला हवीत. "बारकं गाव गाळलं की तिथल्या माणसाला वाटतं, ही गाडी आपली नव्हं," असं ते सांगायचे. आणि शेवटचा शब्द गिळायचा नाही. शेवटचा शब्द गिळला की माणसं चुकीच्या गाडीत चढतात.

पाचोडकडच्या एका म्हातारीची गोष्ट ते नेहमी सांगायचे. ती सकाळपासून स्टॅण्डवर गाठोडं घेऊन बसलेली. पाचोडच्या गाड्या आल्या, गेल्या, ही जागची हलली नाही. यांनी खिडकीतून बघितलं, मग शेवटी बाहेर येऊन विचारलं, "आजी, कुठं जायचं?"

"पाचोडला."

"मग बसत कामून नाय? दोन गाड्या गेल्या तुमच्यासमोरून."

म्हातारी म्हणाली, "माझं नाव कुठं पुकारलं?"

तिनं आयुष्यात दोनच ठिकाणी पुकारा ऐकलेला. एक कचेरीत, एक सरकारी दवाखान्यात. दोन्हीकडं नाव आल्याशिवाय उठायचं नसतं. तिला वाटलं, इथंही तसंच. कंट्रोलरनी तिचं नाव विचारून घेतलं, आत गेले आणि पुढची गाडी लागल्यावर माइकवरून म्हणाले, "पाचोडला जाणाऱ्या सखुबाई, आपली गाडी फलाटावर लागलेली आहे. सखुबाईंनी गाडीत बसून घ्यावे." अख्खा स्टॅण्ड बघत राहिला. म्हातारीनं पदर डोक्यावर घेतला आणि कलेक्टरीण निघावी तशी गाडीत जाऊन बसली. वरच्या साहेबानं यांना बोलावून झापलं. हे सांगताना मात्र ते हसायचे. "झापू द्या. तिला गाडी मिळाली ना?"

कोरोनाच्या दोन वर्षं आधी बायको गेली. मुलगा आणि सून पुण्याला. मुलगा कंपनीत मोठ्या जागेवर. वाईट पोरगा होता असं मी म्हणणार नाही. आठवड्याला फोन करायचा. "जेवलात का? गोळी घेतली का? बरं, ठेवतो." एवढ्या तीन गोष्टी विचारल्या की त्याचं काम संपायचं.

मग सगळं बंद झालं. गिरणीला परवानगी होती, माझं काम चालू राहिलं. तोंडाला पदर बांधून मी दळत होते. टीव्हीवर रोज सांगायचे, ज्येष्ठांची काळजी घ्या, त्यांना घराबाहेर पडू देऊ नका. म्हणजे लोणच्याची बरणी ठेवतात तसं म्हाताऱ्यांना फडताळात ठेवून द्या. सगळ्यांना ते पटलं. कंट्रोलरच्या जिन्यावर कुणी चप्पल काढेना, कुणी वर जाईना. भांडायलासुद्धा कुणी उरलं नाही. त्यांनी गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची, मी तिच्यात भाकरी आणि भाजी घालायची, ते वर ओढून घ्यायचे. भाजी खारट झाली की वरून ओरडायचे, मला बरं वाटायचं. माणूस जिवंत आहे.

पहिले काही दिवस ते सकाळ-संध्याकाळ गॅलरीत उभे राहून पुकारायचे. "सिल्लोडकडे जाणारी गाडी रद्द करण्यात आलेली आहे. पैठणकडे जाणारी गाडी रद्द करण्यात आलेली आहे." एक एक गाव घेऊन सगळ्या गाड्या रद्द करायचे. लोक खिडक्यांत यायचे. टाळ्या वाजवायचे. पोरं वरून ओरडायची, "कंट्रोलर, मुंबईची लागली का?" "मुंबई रद्द!" हे सांगायचे. तेव्हा सगळ्यांना ते आवडायचे, कारण टाळ्या वाजवण्याशिवाय कुणाला दुसरं काम नव्हतं.

मग लोकांना त्याचा कंटाळा आला. समोर एक बँकेतले साहेब राहतात. त्यांचं काम घरून सुरू झालं होतं, लेकीची शाळा मोबाइलवर. त्यांनी आधी खिडकी आपटली, मग ओरडले, मग पोलिसांना फोन केला. हवालदार आला. तोंडाला फडकं, डोळे जागून लाल झालेले. बिचारा खालूनच म्हणाला, "बाबा, जरा आवाज कमी ठेवा ना."

कंट्रोलर म्हणाले, "आवाज कमी केला तर मागच्या फलाटाला ऐकू जात नाय."

"बाबा, मागं फलाट नाय."

"मला माहीत हाय नाय ते," कंट्रोलर म्हणाले. "मी काय येडा हाय?"

हवालदार माझ्याकडं बघून नुसता मान हलवून गेला. तो चांगला होता. पण साहेबांनी मुलाला पुण्याला फोन केला. मुलानं बापाला फोन केला, तो मी खाली उभी राहून ऐकला, कारण कंट्रोलर फोन नेहमी मोठ्या आवाजात लावायचे. "बाबा, लोक व्हिडिओ काढतात तुमचा. हसतात. मला इथे तोंड दाखवायला जागा ठेवा."

मग मुलानं फोनवरचा एक डॉक्टर शोधला. डॉक्टरनं मलाही फोन लावला, शेजारी म्हणून.

"मावशी, ते एकटेच बोलतात का?"

"व्हय," मी म्हटलं, "एकटेच बोलतात. दुसरं हाय कोण तिथं? तुम्ही बोला त्यांच्याशी तासभर, मग बघा एकटे बोलतात का."

"तसं नाही मावशी. म्हणजे समोर कुणी नसताना बोलतात का?"

"अवो, तेच सांगायलेय मी. समोर कुणी नाय."

डॉक्टर हसला. त्यानं गोळ्या लिहिल्या. माझ्या सांगण्याचा त्यानं काय अर्थ घेतला ते त्यालाच माहीत. मेडिकलवाल्यानं गोळ्या पिशवीत टाकल्या आणि त्या दोरीनं वर गेल्या.

त्या गोळ्यांनी कंट्रोलर झोपायला लागले. सकाळी झोप, दुपारी झोप. पुकारणं थांबलं. भाजी खारट झाली तरी वरून आवाज नाही. आणि गल्ली काय म्हणाली? "सुधारले." साहेब म्हणाले, "औषध लागू पडलं हो, किती शांत झाले." मुलगा फोनवर म्हणाला, "मावशी, बाबा आता छान आहेत ना? अजिबात त्रास देत नाहीत." त्रास कुणाचा कुणाला होता, हे कुणी विचारलं नाही. ज्याचा त्रास गल्लीला होत होता तो आवाज गेला, म्हणजे माणूस बरा झाला! मी रागानं त्या दिवशी एकीचं बाजरीचं पीठ ज्वारीच्या डब्यात ओतलं.

एक गोष्ट मात्र ते गोळ्यांच्या गुंगीतही करायचे. त्या काळात कुणालाही फोन लावला की आधी एका बाईचा आवाज यायचा. घरी रहा, काळजी घ्या, हात धुवा. लोकांना वैताग यायचा त्या बाईचा. कंट्रोलर फोन लावायचे, ती बाई बोलून झाली की पलीकडं घंटी वाजायच्या आत बंद करायचे. मग पुन्हा लावायचे. एकदा गुंगीत ते पिशवी सोडायला विसरले, म्हणून मी भाकरी द्यायला जिन्यात गेले तेव्हा बघितलं.

"कुणाला लावता?"

"कुणाला नाय. बाई बरी बोलते. शेवटचा शब्द गिळत नाय."

"अवो, ती टेप हाय."

"मग? मी टेपच होतो की. तेच तेच सांगायचो. पण लोक ऐकायचे."

मी भाकरी पायरीवर ठेवून खाली आले.

एक दिवस पिशवी खालीच लोंबत राहिली. मी हाका मारल्या. भाकरीला मुंग्या लागल्या तरी पिशवी वर जाईना. मग मी कोरोना-बिरोना बाजूला ठेवून वर गेले. कंट्रोलर पलंगावर भिंतीला टेकून बसलेले. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं चुकीच्या काजात घातलेली. डोळे उघडे होते, एवढंच. फोन मांडीवर पडलेला, काळा.

"फोन कामून बंद हाय?"

"चार्जर जळला."

"कधी?"

"झाले असतील दिवस."

"मग सांगायचं ना!"

"कुणाचा येणार हाय?"

मी खाली येऊन मुलाला माझ्या फोनवरून लावला. म्हटलं, बापाची काय दशा झाली ते कळू दे त्याला, चार्जरचंही सांगावं. पण गिरणीत एकीचा गहू घातलेला होता, जातं भरलेलं, बंद करता येईना. रेंज तर आमच्याकडं अशी, शब्दाला शब्द लागत नाही.

मी ओरडले, "अरे, तुझ्या वडलांचा ऑफ झालाय!"

आता आमच्याकडं माणूस मेला तरी ऑफ झाला म्हणतात, आणि फोन बंद पडला तरी ऑफच. हे मला तेव्हा सुचायचं कारण नव्हतं.

"काय? वडील काय?"

"ऑफ! ऑफ झालाय! लई दिवस झाले म्हणं!"

"दिवस झाले? मावशी, मग तुम्ही आत्ता सांगताय?"

"मला तरी कुठं माहीत! आत्ता वर जाऊन बघितलं तेव्हा कळलं!"

"अरे देवा... मग आता सामान वगैरे?"

"दुकानं बंद हायती सगळी! कुठं मिळंल तसं बघते!"

आणि रेंज गेली. मला वाटलं, चार्जरचं सामान म्हणतोय. त्याला काय वाटलं ते तुम्हाला कळलंच असेल.

मी मागच्या गल्लीतल्या एका बाईकडून चार्जर मागून आणला. ते सगळं होईपर्यंत दुपार झाली. वर जाऊन फोन लावला. जरा वेळानं तो उजळला आणि मग थांबेना. टिंग, टिंग, टिंग. मी म्हटलं, बिघडला का काय. कंट्रोलरनं चष्मा लावून बघितलं. त्यांचा फोटो होता, मुलाच्या लग्नातला, फेटा घातलेला. खाली लिहिलेलं, भावपूर्ण श्रद्धांजली. एकामागून एक तेच. गावाकडच्या ग्रुपवर तेच, स्टॅण्डवरच्या रिटायर लोकांच्या ग्रुपवर तेच. हात जोडलेले, फुलं, दिवे.

"बाई," ते म्हणाले, "मी गेलो म्हणं."

मला आधी हसू आलं, मग अशी आग झाली अंगाची. मी म्हटलं, "आणा तो फोन, एकेकाला सांगते."

तेवढ्यात घंटी वाजली. मी उचलला. पाचोडचा एक म्हातारा ड्रायव्हर होता, यांच्याबरोबर रिटायर झालेला.

"कोण बोलतंय?"

"मी गिरणीवाली, खालची."

"ताई, लई वाईट झालं ओ. सकाळपासून लावायलोय. देवमाणूस होता. मी पैठणची गाडी लावली की माइकवरून म्हणायचा, गाडी लागलेली हाय, चालक चहा पिऊन येतील, प्रवाशांनी आरडाओरडा करू नये. असा माणूस नाय होणार."

मी तोंड उघडलं तर कंट्रोलरनं माझ्या मनगटावर हात ठेवला. थंड हात. मान हलवून नको म्हणाले. फोनचा आवाज मोठा करायला खूण केली.

ड्रायव्हर रडत होता. बोलत होता. कंट्रोलर ऐकत होते. एक फोन संपला की दुसरा. कंडक्टर, कॅन्टीनवाला, बायकोचा भाऊ, गावाकडचा पुतण्या ज्यानं वर्षानुवर्षं तोंड दाखवलं नव्हतं. कुणी म्हणालं, त्यांच्या आवाजावर आम्ही घड्याळ लावायचो. कुणी म्हणालं, आमच्या बारक्या गावाचं नाव मोठ्यानं घेणारा तो एकच. मी नुसतं हूं हूं करत होते. कंट्रोलर भिंतीपासून पुढं सरकून ताठ बसले. सदऱ्याची बटणं काढून नीट लावली. मग म्हणाले, "बाई, भाकरी हाय का?"

खाता खाता ऐकत होते.

मी म्हटलं, "बास आता. लोकांना खोटं कशाला ठेवायचं?"

"संध्याकाळपर्यंत राहू द्या."

"मेल्याचं सोंग करता व्हय?"

"सोंग नाय करत. लोक बोलायलेत, बाई. बोलू द्या की जरा."

त्यांचा तो आवाज मी विसरले नाही. मी पुढचा फोन उचलला.

एवढ्यात समोरच्या साहेबांनी खिडकीतून मला हाक मारली, मी गॅलरीत गेले. तोंडावर दोन दोन मास्क. "मावशी, वाईट झालं. गल्लीची शान होती हो. सकाळ झाल्यासारखी वाटायची नाही त्यांच्याशिवाय." मी म्हटलं, "साहेब, पोलिसांना फोन लावला तेव्हा शान कुठं गेली होती?" साहेबांनी खिडकी लावून घेतली. आत कंट्रोलर ओठ दाबून हसत होते. कितीतरी दिवसांनी हसत होते.

मग माझ्या फोनवर मुलाचा फोन आला. मी उचलला, आवाज मोठाच होता.

"मावशी, बरं झालं फोन लागला. ऐका. महानगरपालिकेशी बोललोय, त्यांची गाडी येईल. ते लोकच सगळं करतात. आम्हाला यायला जमणार नाही. पास मिळत नाही, आणि घरात लहान बाळ आहे. तुम्ही फक्त एक करा. नेण्याआधी व्हिडिओ कॉल लावा, एकदा तोंड दाखवा बाबांचं. आणि तुम्ही जवळ जाऊ नका हां, धोका असतो."

मी कंट्रोलरकडं बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस मोडतो. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. खाकरले. पाठ सरळ केली. आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पुण्याहून येणारी गाडी काही कारणामुळे रद्द करण्यात आलेली आहे. प्रवाशांची वाट बघून गैरसोय झाली, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

पलीकडून बारीक आवाजात, "बाबा?"

"बोल."

आता खरं म्हणजे पोरानं काय बोलायला पाहिजे होतं? रडायला पाहिजे होतं. हसायला पाहिजे होतं. त्यानं विचारलं, "मावशी आहेत का तिथे? मावशी, हा काय प्रकार आहे? तुम्हीच म्हणालात ना ऑफ झाले? मी सगळीकडे टाकलंय! ऑफिसमध्ये कळवलंय! आता लोकांना काय सांगू मी?"

मी म्हटलं, "सांग, बाप जिवंत हाय. लाज वाटायलीय का सांगायची?"

"तुम्हाला नीट बोलता येत नाही का मावशी?" तो म्हणाला आणि फोन ठेवला. बापाशी एक शब्द नाही. ज्याला सकाळपासून मेलेला समजत होता, त्याचा आवाज कानात पडला आणि त्यानं फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी ती गाडी आली. दोन पोरं उतरली, पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली. मी खालीच अडवलं, म्हटलं, मेलेलं कुणी नाही. त्यांना पटेना, कागद दाखवायला लागली. तेव्हा कंट्रोलर स्वतः जिना उतरून आले आणि म्हणाले, "मीच तो." एक पोरगं मटकन ओट्यावर बसलं. काचेमागं त्याचे डोळे दिसत होते, तो हसतोय का रडतोय कळेना. म्हणालं, "मावशी, पहिल्यांदाच रिकामी गाडी न्यायलोय." मी त्यांना लांबून पाणी दिलं. कंट्रोलर त्यांच्याशी बराच वेळ बोलत उभे राहिले. त्या पोरांनी ऐकून घेतलं. त्या दिवसांत कंट्रोलरसमोर उभं राहून बोललेली माणसं तीच, मढी न्यायला आलेली.

दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. म्हणजे चालू होता, चार्ज पूर्ण होता, पण कुणाचाच येईना. ग्रुपवर मुलानं लिहिलं, गैरसमज झाला, क्षमस्व. खाली अंगठे आले, अंगठे म्हणजे बरं झालं. एकानं लिहिलं, अफवा पसरवू नका. काल जो ढसाढसा रडत होता, आज "कंट्रोलर, कसे आहात" म्हणायला त्याला सवड नाही. देवमाणूस गेला म्हटलं की लोक रडतात आणि तो देवमाणूस जिवंत असला की जेवला का हे विचारत नाहीत, ही कुठली रीत? एकटा पाचोडचा ड्रायव्हर. त्यानं फोनवर आधी शिव्या दिल्या, मग हसला, मग म्हणाला, गाड्या सुरू झाल्या की येतो. आणि आलाही, हुरड्याच्या दिवसांत, फडक्यात हुरडा बांधून.

मी पुन्हा त्या डॉक्टरला फोन लावायला लावला, मुलाला दरडावून. गोळ्या अर्ध्या झाल्या. मग मी कंट्रोलरला रोज खाली आणून गिरणीत बसवायला लागले. लोक म्हणाले, धोका आहे. मी म्हटलं, वर काय कमी धोका होता? ते बसायचे, डबे सरळ लावायचे, बायकांशी बोलायचे. माझ्या पट्ट्यावरून पुन्हा भांडायला लागले. पण गॅलरीत जाऊन पुकारणं त्यांनी केलं नाही. गाड्या सुरू झाल्या, गल्लीतली पोरं म्हणाली, कंट्रोलर, एकदा पुकारा ना. ते म्हणाले, "नाय, आता स्टॅण्डवर टेप लावलीय." मी एकटी असताना म्हटलं, माझ्यासाठी पुकारा. त्यावरही नुसता हात हलवला. पुण्याच्या गाडीच्या त्या एका पुकाऱ्यात सगळा आवाज संपवला त्यांनी, असं मला वाटतं.

गेल्या थंडीत ते गेले. खरे गेले, दुपारी, झोपेत. शहराचं नाव बदललेलं, गाड्यांवरच्या पाट्या बदललेल्या, गल्लीत निम्मी घरं नवी. या वेळी मी मुलाला फोनवर "वारले" असा शब्द निवडून सांगितला. तरी त्यानं दोनदा विचारलं, "नक्की का?" मग तो गाडी काढून आला, सूनही आली, नातू आला. सगळं व्यवस्थित केलं. दहाव्याला साहेबांनी भाषण केलं, आवाजाचा बादशहा म्हणाले. मी उठून बाहेर आले.

मुलगा माझ्यामागं गिरणीत आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, त्या दिवसांत बापच त्याच्या चेहऱ्यावर येऊन बसला होता. मग म्हणाला, "मावशी, तुमच्या मोबाइलमध्ये बाबांचा आवाज आहे का कुठं? रेकॉर्ड केलेला? माझ्याकडे एकही नाही, आणि तेव्हाचे व्हिडिओ गल्लीत कुणी ठेवले नाहीत. पोराला ऐकवायचा होता, आजोबा गाड्या कशा पुकारायचे ते."

मी म्हटलं, "नाय. माझ्याकडं नाय."

तो मान खाली घालून वळला.

"आणि असता," मी म्हटलं, "तरी तुला दिला नसता."